पाणी उडता कामा नये

माझ्या लेकीनं पहिल्याच स्पर्धेत पंचांचे कागद भिजवले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सोलापूरच्या पोहण्याच्या तलावावर आम्ही दोघी सगळ्यात मागं, एका खांबाच्या आडोशाला बसलो होतो. जागा मी शोधली होती. कुठंही गेले तरी मी आधी खांब बघते. लग्नाच्या मांडवात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं. कुणी बघत असलं की माझे हातपाय मला जड होतात.

लेक तेव्हा सातवीत होती. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिचं नाव उडीच्या स्पर्धेत दिलं. आमच्या जिल्ह्यातून ह्या खेळाला दुसरी कुणी मुलगीच नव्हती, म्हणून जिल्ह्यात ती एकही उडी न मारता पहिली आली. पुढची स्पर्धा सोलापुरात. तिथं गेल्यावर आम्ही पहिल्यांदा ती फळी बघितली. पाण्यावर निम्मी पुढं आलेली, लांबट, पाय दिला की खालीवर होणारी. स्प्रिंगबोर्ड म्हणतात तिला. लेकीनं पहिल्या तीन उड्या सुराच्या मारल्या, डोकं खाली आणि पाय वर. बऱ्या झाल्या असाव्यात, पण टाळ्या तुरळक पडल्या. चौथ्या उडीच्या आधी तिनं आमच्याकडं मान वळवून बघितलं. तिच्या डोळ्यांतच मला कळलं की ही आता काय करणार.

तिनं फळीच्या टोकाला जाऊन एक जोराचा ठेका दिला. फळीनं तिला असं वर फेकलं की मी उभीच राहिले. वर गेल्यावर तिनं गुडघे छातीशी घेतले, अंगाचा गोळा केला आणि धोंडा पडावा तशी पाण्यात पडली. आमच्याकडं ह्याला मुटका म्हणतात. पाणी उसळून पंचांच्या टेबलावर गेलं. कागद भिजले, एका बाईंचा चष्मा भिजला, चहाच्या कपात पाणी पडलं.

"आगं बया, टेबल न्हाऊन निघालं!" आत्या ओरडल्या. आम्ही दोघीच टाळ्या वाजवत होतो.

ह्याला कारण आमच्या गावची रीत आहे. आमचं गाव सास्तूरपासून जवळ. आमच्याकडच्या विहिरींना जुनी मोटेची थारोळी अजून आहेत. पूर्वी मोट वर आली की ज्या दगडी हौदात पाणी ओतायची, ते थारोळं. आता मोट नाही, पण पोरांची पैज त्याच्यावरच असते. मुटका मारल्यावर पाणी ज्याचं थारोळ्याला लागलं तो जिंकला. सूर कितीही सरळ मारा, त्याला कुणी विचारत नाही. लेकीनं दहाव्या वर्षी थारोळं भिजवलं होतं. तिनं विचार केला की तीन उड्यांना टाळ्या नाहीत, तर आता जिंकायची उडी मारावी.

पंचांनी आकड्यांच्या पाट्या वर केल्या. सगळ्यांच्या सारख्याच.

"बघ, समद्यांना एकसारखी पसंत पडली," आत्या म्हणाल्या.

"आत्या, ते शून्य हाय."

"शून्य?" त्यांनी पंचांकडं निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी गेलं आसंल त्यांच्या. दिसलंच नसंल."

स्पर्धा संपल्यावर गळ्यात शिट्टी अडकवलेले एक म्हातारे सर मुलींमधून विचारत आले, "त्या मुटकेवाल्या मुलीची आई कोण?" मी खांबाच्या आणखी मागं सरकले. आत्यांनी बोट दाखवलं, "ही काय, खांबामागं."

सर म्हणाले, "हिला उडी कुणी शिकवली?"

मला वाटलं, आता भिजलेल्या कागदांचं बोलणं खावं लागणार. मी म्हटलं, "विहिरीत शिकली."

"फळीवरून किती उंच गेली ती, बघितलंत? आणि वर गोळा झाली तेव्हा गुडघ्यात न् छातीत बोटभर फट नव्हती. माझ्याकडच्या पोरींना हे शिकायला वर्ष लागतं. फक्त शेवट चुकला. इथं पाणी उडता कामा नये."

"आन् मग त्यात मज्जा काय?" आत्या म्हणाल्या.

सर खूप हसले. "आजी, इथली मजा हीच. कुणी आलंय हे पाण्याला कळूसुद्धा द्यायचं नाही."

मी खरं ते निम्मंच सांगितलं होतं. विहिरीत शिकली हे खरं, पण शिकवलं मी. पाठीला रिकामा डबा बांधून तिला पाण्यात सोडलं ते मी. पायरीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून हात कसा मारायचा, श्वास कधी धरायचा, हे मीच सांगितलं. माझं माहेर नदीकाठचं. मी चौथीत असताना भूकंप झाला, शाळा पडली, आणि पत्र्याची शाळा उभी राहीपर्यंत मी शेतात जायला लागले होते. शाळा सुटली, पण शेतातली विहीर शाबूत होती. दुपारच्या वेळी मोठी माणसं जेवायला टेकली की आम्ही पोरी तिच्यावर. सूर, मुटका, पाठमोरी, सगळं मला येत होतं. लग्न झाल्यावर ह्या घरच्या विहिरीत मी घागर सोडली, पंपाचा पाइप सोडला, पोरगी सोडली. स्वतः उतरले नाही. कुणी नाही म्हटलं नव्हतं. पण विचारायचं कुणाला आणि कसं, ते मला जमलं नाही.

सरांनी लेकीला सोलापूरला पाठवा म्हटलं. माझी थोरली बहीण तिथंच राहते, त्यामुळं राहण्याची अडचण नव्हती. अडचण आमच्या मालकांची होती. ते वाईट नाहीत. लेकीला मोटारसायकलवर पुढं बसवून शिवारभर फिरवणारे आहेत. पण पोर घराबाहेर ठेवायची हे दोन दिवस त्यांच्या गळी उतरेना. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "दोन वरसं. आठवी आन् नववी. तेवढ्यात म्हाराष्ट्राच्या टीमात घेतलं तर पुढं बघू. न्हाय घेतलं तर दहावी हितं, घरून. मग उड्या इहिरीतच मारायच्या. कबूल?"

"कबूल!" लेक घास तोंडात ठेवूनच ओरडली. मालक शब्दाचे पक्के आहेत हे तिला माहीत होतं आणि मलाही. दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं.

पहिल्यांदा मी तिला भेटायला गेले तेव्हा एक गंमत बघितली. पोरी उड्या मारत होत्या आणि सर तलावाकडं पाठ करून उभे होते. बघतच नव्हते. तरी प्रत्येक उडीनंतर बोलत होते, "पाय उघडले. हात सुटले. पुन्हा." मी बहिणीला म्हटलं, ह्यांना पाठीला डोळे आहेत का? बहिणीनं विचारलं तर सर म्हणाले, "बघायची गरज नाही. आवाजावरून कळतं. पाण्यात बरोबर शिरलं की कापड फाडल्यासारखा आवाज येतो. धप्प वाजलं की चुकलं."

बाकीच्या पोरींना हे नीट समजत नव्हतं, कारण त्यांनी कापड कधी फाडलेलं नव्हतं. माझी लेक मात्र शिलाई मशीनच्या खाली वाढलेली. मी गावातल्या बायकांची पोलकी शिवते. अस्तराचं कापड मी कात्रीनं कापत नाही. काठाला नखाएवढी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी एका दमात फाडायचं. कात्री तिरकी जाईल, पण फाडलेलं कापड धाग्याच्या रेघेतच जातं. दम मोडला की मात्र बिघडतं. त्याचा आवाज, चर्र, लेकीनं पाळण्यात असल्यापासून ऐकलेला.

ती पळत माझ्याकडं आली. "अव्वा, आपल्या अस्तरावानी! तसाच आवाज काढायचाय मला!"

तो आवाज निघायला आठ महिने लागले. हाताचे तळवे एकावर एक धरून पाण्यासमोर सपाट करायचे, कोपर ताठ, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये. तळव्यांनी पाण्याला भोक पाडायचं आणि अख्खं अंग त्या भोकातून न्यायचं. रविवारी ती एका मैत्रिणीला तलावाच्या कडेला मोबाइल धरून उभी करायची आणि इकडं मी खांद्यानं मोबाइल कानाशी दाबून, मशीनवरचा पाय थांबवून ऐकायची. धप्प. मग धापा टाकत, "कसा व्हता?" मी म्हणायची, "धप्प." पुन्हा धप्प. पुन्हा. एका रविवारी मी एका बाईचं माप घेत होते. कानात मोबाइल, हातात टेप. आणि पलीकडून आलं, चर्र!

मी टेप सोडून दिली आणि ओरडले, "फाटलं!"

त्या बाईनं घाबरून आपल्या पाठीला हात लावला. "माझं पोलकं?"

लेक मोबाइलवर नाचत होती, मैत्रीण ओरडत होती, आणि मी त्या बाईला काही सांगू शकत नव्हते. मला हसूच आवरेना.

सगळं असं चाललेलं असताना दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला लेक घरी आली आणि आली ती न बोलताच. पहाटे अंगाला उटणं लावताना तिनं पाठ दाखवली. खांद्यापासून कमरेपर्यंत लालभडक. पाठमोरी उडी मारताना ती आडवी पडली होती. पाणी मऊ असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्याच्यावर आडवं पडून बघावं.

"मला न्हाय जायचं आता," ती म्हणाली. "पाठमोरी मला जमत न्हाय. मागं काय हाय ते दिसतच न्हाय, अव्वा. मागं जायचं म्हटलं की पाय निघत न्हायत."

"दुसऱ्या उड्या मार की."

"पाठमोरी लागतेच. तिच्याबिगर संघात घेत न्हायत."

महाराष्ट्राचा संघ निवडायची स्पर्धा संक्रांतीनंतर पुण्याला होती. मालकांची दोन वर्षं त्याच उन्हाळ्यात संपणार होती. म्हणजे जे व्हायचं ते ह्या स्पर्धेत. मी तिच्या पाठीला खोबरेल तेल लावत बसले. ही उडी मला येत होती. तीस वर्षांमागं रोज येत होती.

भाऊबीज झाल्यावर बाजाराचा दिवस आला. मालक बाजाराला गेले, आत्या पडवीत आडव्या झाल्या होत्या. मी लेकीला म्हटलं, "चल इहिरीवर."

पाऊस चांगला झाला होता, विहीर वरपर्यंत भरलेली. काठाच्या मागं, दहा पावलांवर लिंबाचं मोठं झाड आहे. मी साडीचा कासोटा घातला, पदर कमरेला करकचून बांधला.

"अव्वा, काय करतीस?" लेक म्हणाली.

"बघ. मागं काय हाय ते बघायचंच न्हाय. पुढचं झाड बघायचं. ह्या लिंबाचा शेंडा. नजर त्याच्यावर ठेवायची आन् अंग मागं सोडायचं. झाड पायांकडं सरकतं. मग आभाळ दिसतं. आभाळ संपलं की पाणी येतं. तवर हात लांब ठेवायचे. बास."

मी पाण्याकडं पाठ करून काठावर उभी राहिले. टाचा बाहेर. शेंड्यावर एक कावळा बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि अंग सोडलं. झाड पायांकडं गेलं. आभाळ आलं, निळं, लांबच लांब. मग गार पाणी हातांपासून पायांपर्यंत एका ओढीत चढलं, आणि मी खाली, हिरव्या अंधारात, एकटीच हसत होते. नाकातोंडात पाणी गेलं तरी हसत होते.

वर आले तर लेकीचं तोंड उघडंच. आणि तिच्या मागं आत्या उभ्या.

मी गळ्यापर्यंत पाण्यात राहिले. बाहेर यायची सोय नव्हती आणि आत राहायचीही.

"आगं बया," आत्या म्हणाल्या. "ही तर बेडकी निघाली."

मी खाली मान घातली.

"किती वरसं झाली तुला ह्या घरात?"

"सोळा."

"आन् सोळा वरसं गप बसलीस व्हय?"

"कुणी इचारलंच न्हाय, आत्या."

"इचारतंय कोण! सूनबाई, तुमी बेडकी हाव का, म्हणून?" त्या लेकीकडं वळल्या. "म्हंजे पोरीत हे हिचं आलंय. आन् मी समद्या गावाला सांगत सुटले, आमच्या घराण्याचं हाय म्हणून." मग काठावर फतकल मारून बसल्या. "वर ये. पुन्यांदा मार. मला झाडाआडून नीट दिसलं न्हाय."

मी पुन्हा मारली. मग लेक उभी राहिली. तिनं टाचा काठाबाहेर काढल्या. मी पाण्यात, आत्या काठावर. "शेंडा बघ," मी म्हटलं. "कावळा बसलाय तिथं." ती बराच वेळ बघत राहिली. मग गेली. पाय जरा वाकडे झाले, पाणी थोडं उडालं, पण डोक्यावरच गेली. वर आली ती किंचाळतच. आत्यांचं माहेर कर्नाटकातलं, मोजणी त्या कानडीत करतात. त्या बोटं दुमडत मोजायला लागल्या. ओंदु, एरडु, मूरु. मध्येच रस्त्यावरून मोटारसायकलचा आवाज आला तर काठी आपटत उठल्या, "हिकडं कुणी येऊ नगा! हितं बायका हायत!" आणि पुन्हा येऊन बसल्या. ऊन उतरेपर्यंत मोजणी हन्नोंदुवर गेली. अकरा. शेवटच्या तिन्ही उड्यांना चर्र वाजलं.

केस पुसताना लेक एकदम थांबली. "अव्वा, पण तिथं झाड न्हाय. फळीवर पाठमोरं उभं राहिलं की पुढं नुसती भिंत. पांढरी. बघायचं कशाकडं?"

मी त्या लिंबाकडंच बघितलं.

"तू ये," ती म्हणाली. "ती पोपटी साडी नेसून ये. फळीच्या मागं, भिंतीला लागून उभी राहा. मी तुझ्याकडं बघीन."

"मी? तिथं? समद्यांम्होरं?"

"म्हंजे झाड म्हणून," ती म्हणाली.

आत्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. "सोळा वरसं गप बसलीस. आता जाऊन हुभी ऱ्हा."

पुण्याचा तलाव बघून माझे डोळे दिपले. वर छत, पाणी निळं, आणि पाण्याच्या तिन्ही बाजूंनी पायऱ्या, त्यांवर माणसंच माणसं. चौथी बाजू मात्र मोकळी. तिथं फळ्या, त्यांच्या मागं पांढरी भिंत, आणि भिंतीला लागून एक चौथरा. मी चहूकडं नजर फिरवली. तिथं एकही खांब नव्हता.

लेकीच्या पहिल्या चार उड्या मी पायऱ्यांवर बसून बघितल्या. मी म्हणजे बघत कमी आणि ऐकत जास्त होते. चर्र, चर्र, एक जरा जाडसर, मग पुन्हा चर्र. सर माझ्यापाशी आले. "तिसरी आहे. पहिल्या दोघींना घेणार. दुसऱ्या नंबरची मुलगी हिच्यापेक्षा थोडीच पुढं आहे. आता शेवटची उडी राहिली."

शेवटी पाठमोरीच होती. तिनंच ती शेवटी ठेवली होती.

मी उठले. पोपटी साडीचा पदर सारखा केला आणि त्या सगळ्या माणसांसमोरून, तलावाच्या कडेकडेनं चालत निघाले. फरशी ओली, चपला हातात. वाटत होतं, एकेक डोळा मला टोचतोय. चौथऱ्यावर चढून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. लेक शिडीकडं जाताना माझ्या अगदी जवळून गेली.

"अव्वा, हलायचं न्हाय."

"झाड हलतं व्हय?"

"वारं आलं तर?"

"तरी न्हाय."

ती वर चढली. फळीवर चालत टोकाला गेली, वळली, आणि तिचं तोंड माझ्याकडं झालं. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस माझ्याकडं आला.

"मावशी, इथं उभं राहता येणार नाही. पालकांनी पायऱ्यांवर बसायचं."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मान हलली असती.

"मावशी, तुम्हाला म्हणतोय. खाली चला."

लेकीनं अजून हात वर घेतले नव्हते. ती थांबली होती. तिचा चेहरा पडायला लागला होता, मला तो दिसत होता. परक्या पुरुषाशी मी आयुष्यात कधी मान वर करून बोलले नव्हते. पण माझ्या पोटातून एक आवाज निघाला आणि तो माझाच होता.

"मी तिचं झाड हाय!"

छत असल्यामुळं तो सगळीकडं घुमला. पायऱ्यांवर कुठंतरी हसू फुटलं. तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. पलीकडून सरांनी हात हलवून त्याला खूण केली की राहू दे. तो बिचारा दोन पावलं मागं झाला आणि हळूच म्हणाला, "बरं, बरं. पण हलू नका मग."

फळीवर लेक हसली. एवढीच, ओठाच्या कोपऱ्यातून. मग तिचं हसू गेलं आणि नजर माझ्यावर बसली. ती आईकडं बघायची नजर नव्हती. तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघू नये. ती शेंड्याकडं बघत होती. मी श्वाससुद्धा आत धरून ठेवला.

शिट्टी वाजली. हात वर गेले. फळी खाली दबली, वर आली, आणि लेक सरळ उंच गेली, एवढी की तिचे पाय माझ्या डोळ्यांच्या कितीतरी वर होते. मग अंग मागं वाकलं, धनुष्यासारखं, आणि ती फळीच्या पलीकडं खाली गेली. मला दिसायची बंद झाली.

आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की फळीच्या मागं उभं राहिलं की टोकाखालचं पाणी दिसतच नाही. सगळ्या तलावात लेकीची उडी न दिसणारी एकटी मीच होते. नाही, एकटी नाही. पलीकडच्या काठावर सर पाण्याकडं पाठ करून उभे होते, तिथंही. फळीच्या बाजूनं मला त्यांची ती पाठ दिसत होती.

मी अख्ख्या अंगाचा कान केला.

चर्र.

एका दमात. काठापासून काठापर्यंत. मध्ये कुठं अडकलं नाही, तिरकं गेलं नाही, धागा निघाला नाही. मी आयुष्यात जेवढं अस्तर फाडलं त्यातलं एकही इतकं सरळ फाटलं नसेल. सरांची ती पाठ गर्रकन वळली. त्यांनी तलावाच्या त्या टोकावरून थेट माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात वर केले. पंचांनी पाट्या उचलायच्या आधी आम्हा दोघांना कळलं होतं.

पाट्या वर आल्या तेव्हा पायऱ्यांवर गलका झाला. मी तशीच उभी. ओळखपत्रवाला माणूस म्हणाला, "मावशी, झालं, आता हललं तरी चालेल." तरी मला हलता येईना. लेक पाण्यातून निघून ओल्या अंगानं पळत आली आणि मला येऊन धडकली. पोपटी साडी छातीपासून पायांपर्यंत भिजली. "दुसरी! अव्वा, दुसरी!" एवढंच ती म्हणत राहिली.

मालकांना मोबाइलवर मी सांगितलं. "घेतलं तिला. म्हाराष्ट्राच्या टीमात घेतलं."

मग ते म्हणाले, "मग दहावीचा दाखला सोलापूरलाच ऱ्हाऊ दे म्हणावं." आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

मी गावी परत आले तेव्हा लेक तिकडंच राहिली होती, संघाच्या सरावाला. ती तिथं अजून आहे. घरात शिरले तर दोघं वाट बघत बसलेले. आत्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "सांग आधी, कशी मारली?"

"सुरुवातीपासून सांग," मालक म्हणाले.

बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी मशीनपाशी गेले, पांढऱ्या पॉपलीनचा तुकडा काढला. काठाला नखाएवढी चीर दिली. दोन्ही हातांत धरला आणि त्या दोघांच्या कानाजवळ नेऊन एका दमात फाडला.

"अशी," मी म्हटलं.

मालकांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन काठ बघितला, बोटानं. मग ते गुंडाळून खिशात ठेवले.

आत्या मात्र विचारात पडलेल्या. "म्हंजे पाणी?" त्या म्हणाल्या. "पाणी जरासुदिक न्हाय उडालं?"

"न्हाय, आत्या. थेंबभर न्हाय."

त्यांनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "सुट्टीला आली की हितल्या थारोळ्याला पाणी लावू दे तिला. तेवढं इसरायचं न्हाय म्हणावं."